सायरसला ‘मानवी हक्कांचा जनक’ म्हणणं कितपत बरोबर?

मृण्मय
२९ ऑक्टोबर, म्हणजे अनेक इराणी लोक ‘सायरस दिन’ म्हणून पाळतात तो दिवस, जवळ आला की एक फॉरवर्ड हमखास येतो. इराणच्या सायरस (कुरुश) राजाने इ.स.पू. ५३९ मध्ये बॅबिलॉन जिंकलं, गुलामगिरी बंद केली, सगळ्यांना धर्मस्वातंत्र्य दिलं आणि जगातला पहिला मानवी हक्कांचा जाहीरनामा काढला. सोबत मातीच्या नळकांड्याचा फोटो.

नळकांडं अस्सल आहे. १८७९ साली बॅबिलॉनच्या उत्खननात सापडलं, सध्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. वीतभर लांब, त्यावर अक्कादी भाषेत बारीक कीलाकार लिपीतल्या ४५ ओळी. त्यांत काय आहे? आधीचा राजा नबोनिडस याने बॅबिलॉनचा मुख्य देव मार्दुक याची पूजाअर्चा बिघडवली, देव कोपला, त्याने सगळे देश धुंडाळून सायरसचा हात धरला आणि लढाई न होता त्याला शहरात आणलं. मग सायरस स्वतः बोलतो: रहिवाशांवरचं जू उतरवलं, देवांच्या मूर्ती त्यांच्या-त्यांच्या देवळांत परत बसवल्या, त्या देवांच्या लोकांना आपापल्या गावी पाठवलं, तटबंदी दुरुस्त केली, नैवेद्यात बदकं-पारवे वाढवले. गुलामगिरी रद्द केल्याचं एक अक्षर नाही. राजाने इमारतीच्या पायात असा मजकूर पुरायची मेसोपोटेमियात जुनीच रीत होती, ती त्याने पाळली.

आणि ‘लढाई न होता’? त्याच काळाची एक बॅबिलोनी बखर मातीच्या पाटीवर शिल्लक आहे. ती सांगते की बॅबिलॉनच्या आधी तैग्रिसकाठी ओपिसला लढाई झाली आणि तिथे लूट व कत्तल झाली. नळकांड्यावर ओपिसचं नावही नाही.

‘मानवी हक्क’ हे बिरूद आपल्याच काळातलं. १९७१ मध्ये शाह मोहम्मद रझा पहलवीने पर्शियन राजेशाहीच्या २५०० वर्षांचा अवाढव्य सोहळा केला, नळकांडं त्याचं बोधचिन्ह केलं, प्रतिकृती संयुक्त राष्ट्रांना भेट दिली. ज्याच्या राज्यात सावाक ही गुप्त पोलीस यंत्रणा विरोधकांचा छळ करत होती, त्याने हे बिरूद मिरवावं याचा मला मनापासून संताप येतो. माझं मत स्पष्ट आहे: सायरस हुशार विजेता होता, उदारमतवादी नव्हे.

पूर्वरंग
फॉरवर्ड खोटा आहे, शंकाच नाही. पण त्याचं पाप सायरसच्या माथी कशाला?

त्याच्या आधीचे सम्राट कशाची फुशारकी मारत होते ते बघा. इ.स.पू. ६४७ च्या सुमारास असिरियाचा राजा अशुरबनिपाल याने शेजारच्या एलाम राज्याची राजधानी सूसा लुटली आणि अभिमानाने लिहून ठेवलं की देवळं उद्ध्वस्त केली, राजांची थडगी उकरून हाडं नेली, जमिनीवर मीठ पसरलं. त्यानंतर साठेक वर्षांनी बॅबिलॉनचा राजा नबुखद्नेझर याच्या फौजेने जेरुसलेमचं मंदिर जाळलं आणि माणसं पकडून बॅबिलॉनला नेली. अशा परंपरेत एक विजेता मूर्ती परत केल्याची फुशारकी मारतो! प्रचार आहे, मान्य. पण कशाचा प्रचार करावासा वाटतो यात राजाची पारख होते की नाही?

ज्यूंच्या धर्मग्रंथात यशया हा संदेष्टा सायरसला परमेश्वराचा अभिषिक्त म्हणतो. परक्या, दुसऱ्या देवांना मानणाऱ्या राजाला हा मान तिथे आणखी कोणाला मिळालेला नाही. हे लिहिणारे सायरसच्या पगारावर नव्हते.

तळटीप
पूर्वरंग, तुमची तुलना सोयीची आहे. असिरियाच्याच सेनाखेरिब राजाने इ.स.पू. ६८९ मध्ये बॅबिलॉन उद्ध्वस्त केलं, आणि त्याच्याच मुलाने, एसरहद्दोनने, ते पुन्हा उभारायला घेऊन लोकांना परत वसवलं. खुद्द नळकांड्याच्या शेवटी सायरस सांगतो की तटाचं काम करताना आधीच्या राजाचा, अशुरबनिपालचा, लेख सापडला. ज्याला तुम्ही खलनायक केलंत, त्याच्याच रांगेत सायरस स्वतःला नेऊन उभा करतोय.

ज्यूंचं म्हणाल तर नळकांड्यावर जेरुसलेमचा उल्लेखच नाही. परतीची आणि मंदिर बांधायची आज्ञा ज्यूंच्याच धर्मग्रंथातल्या एज्राच्या पुस्तकात येते, आणि मंदिर पुरं झालं ते नंतरचा पर्शियन राजा दारियस याच्या काळात, इ.स.पू. ५१५ च्या आसपास. बॅबिलॉनचे पुजारी म्हणतात त्याला मार्दुकने निवडला, यशया म्हणतो आमच्या परमेश्वराने. ज्याचं देऊळ वाचलं त्याने त्याला आपल्या देवाचा माणूस ठरवलं. यात पुजाऱ्यांची गरज दिसते, राजाचं मन नाही.

पूर्वरंग
राजाचं मन मी शोधतच नाहीये! मन कोणाचंच सापडत नाही. मागे काय उरलं ते बघू.

पर्सेपोलिस या पर्शियन राजधानीत कोठाराच्या हिशेबाच्या हजारो मातीच्या पाट्या सापडल्या आहेत, दारियसच्या काळातल्या. कोणाला किती जव, किती दारू दिली याच्या नोंदी. त्यांत देवांच्या नावाने दिलेला शिधाही आहे. पर्शियन राजघराण्याचा देव अहुरमझ्द, पण त्याच्यापेक्षा जास्त शिधा जातो एलामी लोकांच्या हुंबान देवाला. सरकारी कोठारातून, राजधानीच्या आसपास. या पाट्या कोणाला दाखवायला लिहिलेल्या नाहीत, कारकुनांनी हिशेबासाठी लिहिल्या. प्रचार म्हणून यांना कसं उडवून लावणार?

सायरस मेला इ.स.पू. ५३० मध्ये. नंतरही परक्या देवाचा शिधा बिनबोभाट सुटत राहिला, म्हणजे राज्याची सवय झाली होती. त्याचा वारसा मी याला म्हणतो. ४५ ओळी पुसल्या गेल्या असत्या तरी तो उरला असता.

ओहोटी
वाद वाचतेय, दोन्ही बाजू जोरकस आहेत. माझा कल पूर्वरंग यांच्याकडे.

हे नळकांडं मुंबईत आलं होतं, डिसेंबर २०१३ ते फेब्रुवारी २०१४, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. मी शेजारच्या पारशी काकूंबरोबर गेले होते. काकूंच्या घरी दोन पिढ्यांत एकेक सायरस आहे. काचेपुढे त्या बराच वेळ उभ्या होत्या. “एवढंसं आहे गं,” म्हणाल्या, आणि मग मला बाजूचा माहितीफलक सगळा मोठ्याने वाचायला लावला, मार्दुकसकट. मार्दुकमुळे त्यांचा अभिमान तसूभर कमी झाला नाही. श्रद्धेला खोटा फॉरवर्ड लागतोच असं नाही.

तळटीप
काकूंचा अभिमान मी समजू शकतो. पण खोट्याने नुकसान होतंच. २००३ मध्ये इराणच्या मानवी हक्क वकील शिरीन एबादींनी शांततेच्या नोबेलच्या भाषणात सायरसचा दाखला दिला, की लोकांची इच्छा नसेल तर तो राज्य करणार नव्हता. हे वाक्य नळकांड्यावर नाही, त्याच्या नावाने फिरणाऱ्या बनावट भाषांतरातलं आहे. एवढ्या धैर्याच्या बाईंचा मुद्दा टीकाकारांनी नेमका तिथेच पकडला.

मृण्मय
हुंबानचा शिधा महत्त्वाचा आहे, तो मुद्दा मी सोडत नाही. पण त्याच्यापुढे दारियसचा मुलगा झर्क्सिस याचा शिलालेख ठेवा. त्यात तो म्हणतो की ‘दैवां’ची (म्हणजे त्याच्या लेखी खोट्या देवांची) पूजा होत होती ते स्थान मी उद्ध्वस्त केलं, तिथे अहुरमझ्दची पूजा केली. त्याच घराण्याचा राजा, सायरसनंतर जेमतेम दोन पिढ्या. शिधा राजाच्या मर्जीने सुटतो आणि मर्जी फिरली की देऊळ पडतं. हक्क म्हणजे मर्जी फिरली तरी जे काढून घेता येत नाही ते. असं काही सायरसने कोणाला दिलं नव्हतं, आणि त्याच्याकडे ते मागण्यात अर्थही नाही.

ओहोटी
मग हेही बघा. ऑक्टोबर २०१६ मध्ये इराणमधल्या पासारगाद इथे सायरसच्या थडग्याभोवती हजारो इराणी जमले आणि सरकारविरोधी घोषणा झाल्या. पाठोपाठ धरपकड झाली. पुढच्या वर्षी त्या दिवसांत तिकडचे रस्तेच बंद केले. शाहने त्याचं नाव वापरलं हे तुम्ही सांगितलंत, मृण्मय. पण आताच्या सरकारला त्याच्या थडग्याकडे जाणारी वाट अडवावी लागते. सायरसकडून काही मागायला हे लोक तिथे गेले नव्हते, आपल्या राज्यकर्त्यांकडे मागत होते, आणि मागताना उभं राहायला त्यांना हीच जागा मिळाली. वारशाचा हिशेब करताना ही माणसं कुठे धरायची, ते सांगा.