सकाळी मिंट अडतं, दुपारी चालतं (विंडोज १० + लिनक्स मिंट, इमर्जन्सी मोड)

खिळेजुळारी:
नमस्कार मंडळी. इचलकरंजीत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, हँडबिलं, बिलबुकं. दुकानातला डेस्कटॉप विंडोज १० चा, प्रोसेसर सहाव्या पिढीचा, त्यामुळे अकरा त्यावर चढत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला दहाचे नेहमीचे अपडेट थांबले तेव्हा भाच्यानं त्याच्या शेजारी लिनक्स मिंट २२ (विंडोजसारखीच, पण फुकटची सिस्टीम) टाकून दिलं. आता श्रीलिपी आणि पेजमेकर विंडोजवर, तिकडे नेट अजिबात जोडायचं नाही. मेल, व्हॉट्सॲप, गिऱ्हाइकांचे फोटो उतरवणं मिंटवर. कामाच्या फाइली डी ड्राइव्हवर, म्हणजे दोन्हीकडून उघडता येतात.

आता दुखणं सांगतो. सकाळी मशीन चालू करून यादीतून मिंट निवडलं की हिरवं चिन्ह येऊन जातं आणि काळ्या पडद्यावर 'यू आर इन इमर्जन्सी मोड', खाली 'प्रेस एंटर फॉर मेन्टेनन्स'. मग मी विंडोजमध्ये जातो, ते बिनतक्रार उघडतं. तिथून रीस्टार्ट मारून मिंट निवडलं तर येतं! दिवसभर परत त्रास नाही. एखाद्या सकाळी मात्र पहिल्या फटक्यातच येतं, का ते देवाला ठाऊक.

शेजारी यंत्रमाग आहेत, सकाळी मोटरी चालू झाल्या की दिवे डुलतात, म्हणून आधी व्होल्टेजचा संशय घेतला. पण यूपीएस आहे. समोरचा मोबाईलवाला म्हणतो हार्डडिस्क जायला आली.

आणि एक. मिंटवरून विंडोजमध्ये आलं की घड्याळ साडेपाच तास मागे. सकाळी अकराच्या बिलावर पहाटे साडेपाच छापून येतं. गिऱ्हाईक विचारतं, झोपता कधी?

रिकामटेकडा:
ग्रब बिघडलाय. पेन ड्राइव्हवरून लाइव्ह मिंट चालू करा आणि 'बूट रिपेअर' मारा. बहुतेकांचं त्यानं भागतं.

पेंग्विनकाका:
थांबा, बूट रिपेअरला हात लावू नका. ग्रबचं काम यादी दाखवणं आणि कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, चालू करून देणं, एवढंच. यादी दिसतेय, हिरवं चिन्हही येतंय, म्हणजे ग्रब आपलं काम करून बाजूला झालाय. ग्रब मोडला असता तर 'ग्रब रेस्क्यू' असं लिहून तिथेच बसला असता. इमर्जन्सी मोड पुढचा टप्पा आहे. सुरू होताना जे जे ड्राइव्ह जोडायला सांगून ठेवलंय त्यातलं एखादं जोडता आलं नाही की सिस्टीम तिथे थांबते. हार्डडिस्क जात असती तर वार-वेळ बघून गेली नसती, रीस्टार्ट केल्यावर बरीही झाली नसती.

तीन गोष्टी सांगा. रात्री मशीन कशातून बंद करता, मिंट की विंडोज? पुढच्या वेळी तो पडदा आला की एंटर दाबा, 'जर्नलसीटीएल -एक्सबी' ही सिस्टीमची नोंदवही दाखवणारी आज्ञा द्या आणि लाल अक्षरांतली ओळ इथे लिहा. आणि इटीसी फोल्डरमधल्या एफएसटॅब फाइलमध्ये (जोडायच्या ड्राइव्हची यादी तीच) डी ड्राइव्हची ओळ काय आहे?

खिळेजुळारी:
काका, रात्री बहुतेक विंडोजच असतं, बिलं तिकडे असतात. शट डाउन करून घरी जातो. ज्या सकाळी मिंट सरळ आलं, त्याच्या आदल्या रात्री उशिरा मेल पाठवून मिंटमधूनच बंद केलं होतं, हे आता तुम्ही विचारल्यावर लक्षात आलं.

लाल ओळीत 'एनटीएफएस३' आहे आणि पुढे 'व्हॉल्यूम इज डर्टी अँड फोर्स फ्लॅग इज नॉट सेट'. एफएसटॅबमध्ये डी च्या ओळीत प्रकार 'एनटीएफएस३' आणि पर्याय नुसता 'डीफॉल्ट्स'. भाचा म्हणतो हा ड्रायव्हर जुन्यापेक्षा वेगवान आहे.

रिकामटेकडा:
मग त्या ओळीत 'फोर्स' लिहा की! तोच मागतोय.

पेंग्विनकाका:
अजिबात नको!! काही दिवस छान चालेल आणि एक दिवस कुणाचीतरी पत्रिका गायब होईल.

प्रकार असा आहे. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. शट डाउन म्हटलं की तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा बंद होत नाही. तो हार्डडिस्कवर एका फाइलीत जसाच्या तसा साठवला जातो आणि सकाळी तिथूनच उचलला जातो, म्हणून लवकर उघडतं. ड्राइव्हचा हिशेबही त्यात अर्धवट उघडाच राहतो. रात्री रोजमेळ न मिटवता मुनीम घरी जावा, तसं. सकाळी मिंट येऊन बघतं, वही उघडी आहे, आणि हात लावायला नकार देतं. हा नकार शहाणपणाचा आहे. जबरदस्तीनं लिहिलं आणि नंतर विंडोजनं आपला जुना हिशेब त्यावर उतरवला, की तुमची नवी फाइल गेली. रीस्टार्टला मात्र विंडोज सगळं नीट बंद करतं, म्हणून तुमचं दुपारी चालतं.

भाचा वेगाचं बोलतोय ते खरं आहे. एनटीएफएस३ हा विंडोजचे ड्राइव्ह वाचणारा, कर्नलमधलाच ड्रायव्हर, २०२१ मध्ये ५.१५ बरोबर आला. पण तो 'डर्टी' खूण दिसली की सरळ नाही म्हणतो. जुना एनटीएफएस-३जी अशा वेळी फक्त वाचण्यापुरता का होईना, बहुधा जोडून देतो.

उपाय विंडोजमध्ये आहे. कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', मग वरच्या निळ्या ओळीवर क्लिक केलं की 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप' ची खूण काढता येते. त्यानंतर डी वर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, चेक. शेवटी रीस्टार्ट.

मग मिंटमध्ये एफएसटॅबची आधी कॉपी करून ठेवा आणि त्या ओळीत 'डीफॉल्ट्स' च्या पुढे स्वल्पविराम देऊन 'नोफेल' लिहा. मध्ये स्पेस नको. यानंतर डी जोडलं गेलं नाही तरी मिंट उघडेल.

हार्डवेअरवाली:
काकांच्या नोफेलला एक पुस्ती. डी जोडलं गेलं नाही तर त्याचं फोल्डर दिसेल, पण रिकामं. घाबरून जाऊ नका आणि त्यात काही सेव्हही करू नका. ती फाइल मिंटच्याच पार्टिशनवर जाऊन बसते, आणि पुढच्या वेळी डी जोडलं गेलं की त्याच्याखाली झाकली जाते. आमच्याकडे लोक 'फाइल उडाली' म्हणून मशीन घेऊन येतात, ती बऱ्याचदा अशी खाली सापडते.

घड्याळाचं सोपं आहे. मदरबोर्डवरच्या घड्याळात मिंट ग्रीनिच वेळ लिहितं, विंडोज तीच भारतीय वेळ समजून वाचतं. फरक बरोबर साडेपाच तासांचा. नेट असतं तर विंडोजनं काही वेळानं सुधारून घेतलं असतं, तुमच्याकडे नेट तोडलेलं आहे. मिंटच्या टर्मिनलमध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' द्या. तो इशारा छापेल की असं करणं बरं नव्हे. त्यातली मोठी भीती उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करणाऱ्या देशांची आहे, आपल्याकडे तो प्रकारच नाही.

खिळेजुळारी:
झालं! काल रात्री मुद्दाम विंडोजमधून शट डाउन करून गेलो, आज कुलूप काढून थेट मिंट निवडलं, आलं. बिलावर ११:१०, भिंतीवरच्या घड्याळातही ११:१०. विंडोज उघडायला आता थोडा जास्त वेळ घेतं, चालायचंच. भाच्याला हे सगळं वाचून दाखवलं. तो म्हणाला, व्हिडिओत नोफेल नव्हतं.

ताई, तो 'फाइल उडाली' प्रकार माझ्याकडे आधीच झाला असेल का? एका बारशाच्या पत्रिकेचा पत्ता लागत नाहीये.

हार्डवेअरवाली:
तुमच्याकडे नोफेल नव्हतं, म्हणजे डी नसताना मिंट उघडतच नव्हतं. तेव्हा ती शक्यता कमी. तरी मिंटमध्ये डी वरचं सगळं बंद करा, फाइल मॅनेजरमधून ते अनमाउंट करा, म्हणजे जोडणी सोडवा, आणि मग तेच फोल्डर उघडून बघा. रिकामं निघालं तर पत्रिका तिथे नाही. मग विंडोजच्या रीसायकल बिनमध्ये शोधा.