हरिश्चंद्रगड: कोकणकड्यावर सूर्यास्त आणि तारामतीवर सूर्योदय, दोन्ही जमवायचे तर वाट कुठली?

प्रश्न – ठाणेकर_६

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सहा जण हरिश्चंद्रगडाला जायचा विचार आहे. चौघांनी राजमाची, लोहगड असे किल्ले केलेत, दोघे अगदी नवखे. एकाचे वय ५६, चढताना दम टिकतो पण उतरताना गुडघा दुखतो. एक मुक्काम गडावर.

१) खिरेश्वरहून चढून पाचनईला उतरावे की उलट? की पाचनईहूनच जाऊन-येऊन?
२) नळीच्या वाटेचे व्हिडिओ बघून दोघे हट्टाला पेटलेत. या गटाला झेपेल का?
३) कोकणकड्यावर संध्याकाळी इंद्रवज्र (धुक्यावर आपल्या सावलीभोवती दिसणारे रंगीत गोल कडे) दिसते का? किती वाजता थांबावे?
४) पाऊस नुकताच संपलेला असेल. पाणी, बूट, दोर यांचे काय?

---

घाटवाटसरू

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर एका शब्दात आहे: नाही. नळीची वाट मुरबाड तालुक्यातल्या बेलपाड्याहून सुरू होते आणि कोकणातून थेट घाटमाथ्यावर चढते. उंचीतला फरक हजार मीटरच्या घरात. मोठमोठ्या धोंड्यांनी भरलेली नाळ (डोंगरातली अरुंद घळ), मधे कातळटप्पे, सरावलेल्या गटालाही आठ-दहा तास. मुख्य धोका चढाईचा नसून दगडांचा. वरच्याच्या पायाखालून सुटलेला धोंडा नाळेतच गडगडत येतो, खालच्याला बाजूला व्हायला जागा नसते. पावसाळ्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत नाळेतले दगड नव्याने हललेले असतात आणि कातळावर शेवाळ असते. डिसेंबर-जानेवारीत, हेल्मेट, दोर आणि वाट माहीत असलेला स्थानिक माणूस घेऊन जायची ती वाट आहे.

आता पहिला. गुडघा लक्षात घेता पाचनईहून जाऊन-येऊन. पाचनई (ता. अकोले) मुळातच उंचावर वसलेले गाव, त्यामुळे चढाई कमी. गडावरच्या हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिरापर्यंत दोन ते अडीच तास. वाट कड्याच्या पोटातून आडवी जाते, डोक्यावर कातळाचे छत येते, मग मंगळगंगेच्या ओढ्याकाठाने वर. खिरेश्वरहून (ता. जुन्नर) चार-पाच तास धरा, नवख्यांसह सहा.

खिरेश्वर-पाचनई असा आरपार ट्रेक कागदावर छान वाटतो, पण गाडीचे गणित बसवा. चालकाला ओतूर, ब्राह्मणवाडा, कोतूळ असा मोठा वळसा घालून पाचनईला यावे लागते. गाडी स्वतःची आणि चालवणारा ट्रेकला आलेला, असे असेल तर आरपार विसराच.

---

कारवी

वरच्याशी सहमत, फक्त खिरेश्वरच्या वाटेबद्दल थोडी भर. तिची खरी अडचण कातळटप्पा नाही. टोलार खिंडीत पोहोचलात की सरळ वाट पलीकडे कोथळ्याला उतरते, गडाची वाट डावीकडे कातळावर चढते. तिथे रेलिंग आहेत, दोन्ही हात मोकळे असले की नवखाही चढतो. (काठ्या आधीच मिटून सॅकला बांधा. एका हातात काठी आणि एका हातात रेलिंग, हा प्रकार नको.) चुकामूक होते ती त्यानंतर. बालेकिल्ल्याला वळसा घालून मंदिरापर्यंत एकामागून एक टेपाडे आहेत, सगळी सारखी दिसतात, आणि गुरांच्या ढोरवाटा मुख्य वाटेपेक्षा ठळक असतात. धुके असले की माणसे तासन्‌तास फिरत राहतात. म्हणून खिरेश्वरहून जायचेच तर टोलार खिंड सकाळी दहाच्या आत गाठा. दुपारी दोननंतर खिंडीतच असाल तर कोकणकड्यावरचा सूर्यास्त हुकलाच म्हणून समजा.

वाट चुकल्यावर काय करायचे हे सह्याद्रीच्या घडणीवरून कळते. हे डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेत. थराचा घट्ट भाग उभा कडा म्हणून टिकतो, वरचा सच्छिद्र भाग झिजून सपाट पदर बनतो, त्यावर माती आणि झाडी. म्हणजे डोंगर जिन्यासारखा आहे: कडा, पदर, कडा, पदर. चुकलेला माणूस ‘खाली दिसतेय ते गाव’ म्हणून ओढ्यातून उतरायला लागतो आणि ओढा पुढच्या कड्यावरून धबधबा होऊन कोसळतो. वर चढता येत नाही, खाली उतरता येत नाही. तेव्हा नाळेत उतरायचे नाही. पदरावरच राहायचे, आल्या वाटेने शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत मागे जायचे.

---

धुकेबहाद्दर

तिसऱ्या प्रश्नात एक गोंधळ आहे. कोकणकड्यावर संध्याकाळी इंद्रवज्र दिसू शकत नाही. त्यासाठी सूर्य तुमच्या पाठीशी आणि धुके समोर, तुमच्यापेक्षा खाली हवे. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणजे संध्याकाळी सूर्य समोर. तेव्हा सूर्यास्त बघा, इंद्रवज्र सकाळचे.

सकाळचा हिशेब असा. सूर्य जितका वर, तितकी तुमची सावली दरीत खाली पडते. ऊन कड्याच्या काठावर आल्यापासून साधारण साडेनऊपर्यंतचा काळ चांगला. त्यानंतर दरी तापते, धुके वर चढते आणि तुम्हीच त्याच्या पोटात जाता, मग सगळे पांढरे. दरीतले धुके काठाच्या खाली पण फार खोल नको, आणि माथ्यावर आकाश मोकळे हवे. जून-जुलैत माथाच ढगात असतो म्हणून दिसत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरला शक्यता जास्त, हमी कधीच नाही.

दिसते ते नेहमीच्या इंद्रधनुष्यासारखे मोठे नसते. हात लांब करून मूठ धरलीत तर साधारण तेवढ्या रुंदीचे रंगीत कडे, आणि मधोमध तुमच्या डोक्याची सावली. प्रत्येकाला कडे स्वतःच्याच डोक्याभोवती दिसते, शेजाऱ्याच्या नाही. त्यामुळे ‘माझ्या जागी ये, इथून दिसतेय’ म्हणून काठावर ढकलाढकली करण्यात अर्थ नाही. कर्नल साईक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने हा देखावा इथे पाहिल्याचे सांगतात, तेव्हापासून कड्याची आणि इंद्रवज्राची जोडी जमली आहे.

---

घाटवाटसरू

कड्याच्या काठाबद्दल. कोकणकडा नुसता उभा नाही, तो नागाच्या फण्यासारखा आत वळलेला आहे. वरची कड पुढे आलेली, खाली पोकळी. तुम्ही ज्या कातळावर उभे आहात त्याखाली काहीच नसू शकते, आणि हे वरून कळत नाही. बेसॉल्टला उभ्या भेगा असतात, पावसाचे पाणी त्यात मुरते आणि काठाचा तुकडा सुटा होत जातो. काठाला समांतर भेग दिसली की तिच्या अलीकडेच थांबायचे.

दरी बघायचीच तर सॅक मागे ठेवून, पोटावर झोपून, सरपटत. मागे एकाने पाय धरायचे. एका वेळी एकच जण, टोपी आणि चष्मा काढून. कोकणातून आलेला वारा कड्याला आपटून वर उसळतो, टोपी हवेत उडते आणि माणूस ती पकडायला हात पुढे करतो. पाणी, काड्या, काहीही खाली टाकून ‘वर येते का’ हा खेळ नको, खाली वाटा आहेत आणि माणसे असतात.

दुसरे म्हणजे आग्या मोहळ. कड्याच्या कपारींत पोळी असतात. काठाजवळ चूल, सिगारेट, आरडाओरडा, उग्र अत्तर यांतले काहीही नको. माशा उठल्याच तर हात झटकायचे नाहीत, तोंड झाकून काठापासून दूर पळायचे, काठाकडे नाही.

---

ठाणेकर_६

नळीची वाट रद्द, हट्टी दोघांना हा धागाच वाचायला दिला. पाचनई पक्के. मग असे चालेल का: पहिल्या दिवशी दुपारी ३ ला चढायला सुरुवात, ५.३० ला मंदिर, ६ ला कोकणकडा, सूर्यास्त, मुक्काम. दुसऱ्या दिवशी तारामती (गडाचे सर्वांत उंच शिखर) सूर्योदयाला आणि ९ ला कोकणकडा?

---

कारवी

पहिला दिवस फार घट्ट बसवलाय. त्या आठवड्यात सूर्य साडेसहाच्या आत मावळतो. मंदिरापासून कोकणकडा अर्धा तास, म्हणजे नवख्यांपैकी कुणी वाटेत वीस मिनिटे बसले की सूर्यास्त गेला. पाचनईहून निघायचे ते दुपारी साडेबारापर्यंत. तीनला मंदिर, सामान टाका, पुष्करणी आणि केदारेश्वराची गुहा बघून घ्या. (गुहेत लिंगाभोवती थंडगार पाणी असते, चार खांबांपैकी एकच शाबूत आहे. प्रदक्षिणेचा मोह गुडघेवाल्यांनी टाळावा, तळ निसरडा असतो.) साडेचारला कड्याकडे.

लवकर निघायचे आणखी एक कारण म्हणजे परतीचा पाऊस. ऑक्टोबरात दुपारी तीन-चारनंतर ढग भरून येतात आणि विजा कडाडतात. तसे झाले तर कोकणकडा आणि तारामती दोन्ही रद्द. उघड्या पठारावर, एकट्या झाडाखाली किंवा लोखंडी रेलिंगला धरून थांबायचे नाही. मंदिराजवळ खाली या. ओढ्याचे पाणी वाढले असेल तर ते उतरेपर्यंत अलीकडेच थांबा. गुडघ्याच्या वर वेगाचे पाणी असेल तर साखळी करूनही ओलांडू नका.

---

धुकेबहाद्दर

दुसरा दिवस जमतो, पण नऊ उशीर आहे. पहाटे पाचला विजेऱ्या लावून निघा. मंदिरापासून तारामती पाऊण ते एक तास, वाट झाडीतून आणि कारवीच्या झुडपांतून आहे, दव पडलेले असते. सूर्योदय साडेसहाच्या आसपास. वरून पहिले काम फोटो नाही, पश्चिमेकडची दरी बघायची. कोकणात धुक्याचा समुद्र भरलेला दिसला तर पावणेसातलाच उतरायला लागा, साडेसातला मंदिर, आठला कोकणकडा. दरी कोरडी दिसली तर इंद्रवज्र नाही. मग वर निवांत बसा. हवा स्वच्छ असली तर उत्तरेला अलंग-मदन-कुलंग आणि कळसूबाई, आजोबा डोंगर, रतनगड, दक्षिणेकडे नाणेघाट-जीवधन ओळखता येतात. आणि खाली येऊन पोहे खा.

---

सोलवाला

बूट-पाण्याचा प्रश्न सगळ्यांनी टाळलेला दिसतोय, म्हणून.

ओला काळा कातळ धुतलेला आणि खडबडीत असेल तर रबरी तळवा चांगला धरतो. घसरते ते हिरव्या-काळ्या शेवाळावर. रंग बघून पाय टाका, ओढ्याच्या बाजूचा चकचकीत काळा दगड सर्वांत वाईट. कोरड्या उतारावर उलटा प्रकार. मुरमाचे बारीक खडे बुटाखाली गोट्यांसारखे फिरतात. तिथे टाच रोवून मागे रेलायचे नाही, गुडघे किंचित वाकवून, वजन पायांच्या वर ठेवून, आखूड पावले टाकायची. तळवा मऊ रबराचा हवा. अंगठ्याने दाबून बघा, प्लॅस्टिकसारखा कडक लागला तर तो बूट घरी ठेवा. कपाटात दोन वर्षे पडून असलेला जोडा आधी दोन-तीन दिवस वापरून बघा. जुना डिंक वाळतो आणि सोल नेमका उतरताना निघतो. जवळ चिकटपट्टी आणि दोन मीटर नाडी असू द्या.

५६ वर्षांच्या काकांना दोन काठ्या, उतरताना चढण्यापेक्षा थोड्या लांब केलेल्या. त्यांची सॅक चार किलोच्या वर नको, बाकीचे पाच जण वाटून घ्या. गुडघ्याचा पट्टा असेल तर तो उतरायला लागण्याआधी चढवा, दुखल्यावर नाही.

पाणी माणशी तीन लिटर घेऊन निघा. गडावर टाक्यांत पाणी असते, पण गाळून आणि उकळून किंवा क्लोरीनच्या गोळ्या टाकूनच प्या. गोळी टाकल्यावर अर्धा तास थांबायचे असते, लगेच प्यायचे नाही. मीठ-साखर पाकिटे सहा. पाचनईच्या वाटेला दोर लागत नाही. तीस मीटर दोर खांद्यावर वाहून फोटोच येतील. त्यापेक्षा प्रत्येकाची वेगळी विजेरी, जास्तीचे सेल आणि शिट्टी. बसताना किंवा हात टेकताना दगडाखाली आधी काठी फिरवा, फुरसे (विषारी साप) दगडाआडच असते.

तंबूचे नियम बदलत असतात. गड अभयारण्यात येतो, तेव्हा पाचनईच्या नाक्यावर पावती घेताना कुठे मुक्काम चालतो ते विचारून घ्या. गावातल्या घरी जेवण सांगितलेत तर आदल्या दिवशी फोन करा. गडावर रेंजचा भरवसा नाही, आणि सहा जणांचे पिठले-भाकरी ऐनवेळी होत नाही.

---

ठाणेकर_६

साडेबाराला पाचनई म्हणजे ठाण्याहून पहाटे सहाला निघायचे?

---

घाटवाटसरू

कसारा, घोटी, राजूर मार्गे चार-पाच तास पकडा, वाटेत नाश्ता. सहाला निघालात तर बरोबर. लोकलने कसाऱ्याला उतरून जीप करणार असाल तर साडेपाच. आणि परतीच्या दिवशी जीपवाल्याला गावात दुपारी दोनची वेळ द्या, बाराची नको. गुडघा उतरताना ठरवेल किती वाजता पोहोचायचे ते.