जुन्या इमारतींचा पुनर्विकास: नागपुरात सवलत कोणाच्या पदरात पडते?

निमंत्रण

धरमपेठ, रामदासपेठ, काँग्रेसनगर या भागांत १९८० आणि १९९० च्या दशकांत उभ्या राहिलेल्या अपार्टमेंट्सनी आता तिशी ओलांडली आहे, आणि महाल-इतवारीतले वाडे तर त्यांच्याही आजोबांच्या वयाचे आहेत. अशा इमारतींच्या सभेत "शासन यासाठी पैसे देते" असे कोणीतरी हमखास म्हणतो. मुंबईच्या शहर विभागात १९६९ च्या कायद्यापासून जुन्या इमारतींकडून उपकर घेतला जातो आणि त्यांच्या दुरुस्तीसाठी स्वतंत्र मंडळ आहे, त्यामुळे तिथल्या रहिवाशांनी असे म्हटले तर त्याला आधार आहे. नागपुरात तसा उपकरही नाही आणि तसे मंडळही नाही. इथे शासनाची मदत बहुतांशी वाढीव बांधकाम क्षेत्राच्या, कमी केलेल्या अधिमूल्याच्या (म्हणजे परवानगीच्या बदल्यात शासनाला भरायच्या रकमेच्या) किंवा माफ केलेल्या शुल्काच्या रूपाने येते, आणि अशी मदत पैशांत उतरवायची तर ते वाढीव क्षेत्र विकत घेणारा माणूस आधी सापडावा लागतो. आपल्याला मिळालेली सवलत रुपयांत होती, चौरस मीटरमध्ये होती की केवळ कागदावर राहिली, हे कृपया सविस्तर लिहावे. बिल्डर, अधिकारी आणि शेजारी यांची नावे टाळावीत.

धरमपेठ, गृहनिर्माण संस्थेच्या सचिव

आमची इमारत तळमजला अधिक तीन मजल्यांची असून तीत बारा सदनिका आहेत. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत, जिला सगळे युडीसीपीआर म्हणतात, जुन्या बहुसदनिका इमारतींच्या पुनर्विकासासाठी प्रोत्साहनपर एफएसआयची (भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण म्हणजे एफएसआय) तरतूद आहे: अस्तित्वातील अधिकृत बांधकामाच्या ३० टक्के किंवा प्रत्येक सदनिकेमागे १५ चौरस मीटर, यांपैकी जे अधिक असेल ते. आमचे मंजूर बांधकाम सुमारे ९०० चौरस मीटर असल्यामुळे ३० टक्क्यांप्रमाणे २७० चौरस मीटर येतात आणि सदनिकांच्या हिशेबाने १८०, म्हणून आम्हाला पहिला आकडा लागू झाला. याउलट आमच्या मागच्या गल्लीतील सोळा लहान सदनिकांच्या इमारतीचे क्षेत्र ६४० चौरस मीटर आहे. तिथे ३० टक्के म्हणजे १९२, तर सदनिकांमागे २४०, त्यामुळे त्यांना दुसरा आकडा सोयीचा ठरतो. बिल्डर सभेत एकच आकडा सांगतो. दोन्ही आकडे कागदावर मांडून घेतल्याशिवाय सभासदांनी मान डोलावू नये, असे मला स्पष्टपणे वाटते.

खरी अडचण "अधिकृत" या शब्दापाशी आली. आमच्या इमारतीतील बहुतेक गॅलऱ्या गेल्या पंचवीस वर्षांत ॲल्युमिनियमच्या खिडक्या लावून खोल्यांत घेतल्या गेल्या आहेत आणि गच्चीवर एका सभासदांची पत्र्याची खोली आहे. हे क्षेत्र मंजूर नकाशात नसल्यामुळे सवलतीच्या हिशेबात धरले जात नाही. परंतु ज्यांच्या घरात ते आहे, ते सभासद नव्या इमारतीत तेवढी जागा हक्काने मागतात. मूळ मंजूर नकाशाची प्रत संस्थेकडे नव्हती, ती एका दिवंगत सभासदांच्या कपाटात, लग्नाच्या अल्बमांखाली सापडली. त्या प्रतीवरच्या शिक्क्याची तारीख वाचण्यासाठी आम्ही चार जणी भिंग घेऊन खिडकीपाशी उभ्या होतो.

प्रक्रियेबद्दल एवढेच सांगते की सहकारी संस्थांसाठी सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९अ अंतर्गत ४ जुलै २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत, त्यांनुसार पुनर्विकासाच्या ठरावासाठी एकूण सभासदांपैकी दोन तृतीयांशांची गणपूर्ती आणि ५१ टक्क्यांची संमती लागते, आणि बिल्डरकडून प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक हमी घेण्याची तरतूद आहे. नागपुरातील कित्येक इमारती मात्र सहकारी संस्था नसून १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली घोषणापत्राने चालतात, त्यांनी आपला कायदा कोणता आहे हे आधी पाहावे.

महाल, वाड्यातील भाडेकरू

वरील ताईंचे गणित वाचून आनंद झाला, पण आमच्या गल्लीत ते लागू पडत नाही. आमचा वाडा ज्या गल्लीत आहे तिथून ऑटोरिक्षा जेमतेम जातो. नियमावलीत एफएसआय रस्त्याच्या रुंदीशी बांधलेला आहे. दाटवस्तीबाहेरच्या भागातसुद्धा ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर मूळ १.१० च्या वर ना अधिमूल्याचा, म्हणजे पैसे भरून घ्यायचा, एफएसआय मिळतो ना टीडीआर (दुसऱ्या भूखंडावरून विकत आणलेला बांधकामाचा हक्क), आणि गावठाणासारख्या दाटवस्तीचे कोष्टक निराळे असले तरी रुंद रस्त्याला अधिक, अरुंद रस्त्याला कमी, हे सूत्र तेच आहे. ज्या घरांना आधाराची सर्वांत अधिक गरज आहे, ती नेमकी अरुंद गल्ल्यांत आहेत.

आमच्या मालकांचे वारस पुणे, रायपूर आणि परदेशात विखुरलेले आहेत. पावसाळ्यापूर्वी दरवर्षी महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ ची, म्हणजे धोकादायक इमारतीची, नोटीस भिंतीवर लागते. वाडा पाडला तर आमचा भाडेकरू म्हणून हक्क बुडतो का, या प्रश्नाला वकिलांनी दिलेले उत्तर मी इथे मुद्दाम नोंदवतो: महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा आहे, त्याखालील संरक्षण सोडून देणाऱ्या कोणत्याही कागदावर सही करू नये, आणि पाडण्यापूर्वी प्रत्येकाच्या ताब्यातील क्षेत्राची मोजणी करून त्याची लेखी नोंद मागावी. आम्ही ती मागितली, आमच्या खर्चाने अभियंता आणून स्वतंत्र मोजणीही करून घेतली. बाकी सवलत म्हणून आजवर एक रुपयाही पाहिला नाही.

सदर, नझूल भाडेपट्टाधारक

पुनर्विकासाआधीची एक पायरी फार कमी लोक सांगतात. आमचा भूखंड नझूलचा, म्हणजे जमीन शासनाची आणि आमच्याकडे केवळ भाडेपट्टा. अशा जमिनीवर बँक कर्ज द्यायला कचरते आणि बिल्डर सरळ पाठ फिरवतो. त्यामुळे मला स्वतःला सर्वांत मोलाची वाटलेली शासकीय सवलत एफएसआयची नव्हतीच. नागपूर आणि अमरावती विभागांतील नझूल जमिनींसाठी २०२४ मध्ये जी विशेष अभय योजना आली, तिच्यात निवासी भाडेपट्ट्याची जमीन बाजारमूल्याच्या २ टक्के अधिमूल्य भरून पूर्ण मालकीची करून घेता येत होती. तोपर्यंत हाच दर ५ टक्के होता. जमिनीचे मूल्य १ कोटी रुपये धरले तर हा फरक ३ लाखांचा होतो. योजनेची मूळ मुदत ३१ जुलै २०२५ होती.

आमच्या बाबतीत वेळ गेला तो आखीव पत्रिकेवरील (भूखंडाच्या सरकारी नोंदीच्या उताऱ्यावरील) नावांत. आजोबांचे नाव एका ठिकाणी पूर्ण, दुसऱ्या ठिकाणी आद्याक्षरांनी आणि तिसऱ्या ठिकाणी चुकीच्या वेलांटीने नोंदलेले होते. तिन्ही माणसे एकच आहेत हे सिद्ध करण्यासाठी प्रतिज्ञापत्रे, शाळेचा दाखला आणि जुन्या भूभाड्याच्या पावत्या लागल्या. आईने त्या पावत्या तांदळाच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या म्हणून निभावले.

संरचना अभियंता, त्रिमूर्तीनगर

मी व्यवसायाने इमारतींची तपासणी करतो, म्हणून थोडे तांत्रिक लिहितो. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५अ नुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतीची नोंदणीकृत अभियंत्याकडून तपासणी करून प्रमाणपत्र सादर करणे बंधनकारक आहे, आणि सहकारी संस्थांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीसाठी पाच वर्षांतून एकदा, त्यापुढे तीन वर्षांतून एकदा तपासणी सांगितली आहे. या तपासणीसाठी अनुदान नाही, आणि नेमके इथेच ते असायला हवे होते, असे माझे ठाम मत आहे.

नागपूरच्या इमारतींना एक आजार इथलाच आहे. मार्चअखेर ते जूनमध्यापर्यंत प्रत्येक खिडकीबाहेर कूलर चालतो. त्याच्या टाकीतून ओसंडणारे आणि खसाच्या ताट्यांतून झिरपणारे पाणी छज्ज्यावर साचते, छज्ज्याच्या मुळाशी काँक्रीटमध्ये शिरते आणि आतील सळई गंजून फुगते. मी हातोडीने हलकेच ठोकतो तेव्हा चांगले काँक्रीट खणखणीत वाजते आणि अशा जागी पोकळ, ढब असा आवाज येतो. गिलावा काढला की खाली तपकिरी पापुद्रे सुटलेली, मूळ जाडीच्या निम्मी उरलेली सळई दिसते. पुष्कळ इमारतींत छज्जे आणि गॅलऱ्या वाईट असतात, पण खांब ठीक असतात. अशा इमारतीला मोठी दुरुस्ती पुरेशी असते, ती पाडण्याची आवश्यकता नसते. मात्र प्रोत्साहनपर एफएसआय पाडून बांधणाऱ्याला मिळतो, दुरुस्ती करणाऱ्याला काहीच मिळत नाही, त्यामुळे अहवालात इमारत आहे त्यापेक्षा वाईट दाखवावी अशी गळ आमच्यासारख्यांना घातली जाते. मला घातली गेली आहे. नकार दिल्यावर ते काम दुसरीकडे गेले.

शांतीनगर, भाच्याने मावशीच्या वतीने

रोख अनुदान मिळाल्याचा अनुभव आमच्याकडे आहे. मावशीचे घर मातीच्या भिंतींचे आणि कवेलूंचे होते. पट्टा मिळाल्यानंतर प्रधानमंत्री आवास योजनेच्या वैयक्तिक घरकुल घटकातून केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख, असे अडीच लाख रुपये मंजूर झाले. हप्ते टप्प्याटप्प्याने येतात आणि प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र जागेच्या नोंदीसह चढवावे लागते. म्हणजे जोत्याचे काम आधी स्वतःच्या पैशाने करायचे, मग हप्ता. ज्याच्याकडे पहिले पन्नास हजार नाहीत त्याने काय करावे? मावशीने बचत गटातून घेतले आणि त्यावरचे व्याज अर्थातच कोणत्याही योजनेत बसत नाही.

निमंत्रकाची टीप

याच योजनेबद्दल अनेकांनी विचारले आहे म्हणून सांगतो की, देशात कुठेही कुटुंबाच्या नावावर पक्के घर नसणे ही तिची अट आहे. मोडकळीस आलेल्या अपार्टमेंटमधील सदनिका कागदोपत्री पक्के घरच ठरते, त्यामुळे तिच्या मालकाने या अनुदानाची आशा धरू नये.

अंबाझरी लेआऊट, तळमजल्यावरील रहिवासी

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे तलाव ओसंडून आमच्या घरात पाणी शिरले. पूरग्रस्त घरासाठी १० हजार रुपयांची तातडीची मदत जाहीर झाली, ती आम्हाला मिळाली. फ्रिज आणि दिवाण यांचेच नुकसान त्याहून अधिक होते. त्यानंतर आमच्या इमारतीत पुनर्विकासाला वरच्या मजल्यांवरूनही होकार येऊ लागला, कारण नवी इमारत खांबांवर उभी राहून खाली केवळ पार्किंग राहील. माझा पाठिंबा त्या एका कारणासाठी आहे, एफएसआयचे गणित मला अजूनही पूर्ण कळलेले नाही.

लहान बांधकाम व्यावसायिक, मानेवाडा

बिल्डरांवर इथे बरेच लिहिले गेले आहे, म्हणून आमची बाजू आकड्यांत मांडतो. निवासी वापरासाठी अधिमूल्याचा एफएसआय घेताना रेडी रेकनरमधील (शासनाच्या वार्षिक दरपत्रकातील) जमिनीच्या दराच्या ३५ टक्के रक्कम भरावी लागते. जानेवारी २०२१ मध्ये शासनाने अधिमूल्यांत ५० टक्के सूट दिली, ती ३१ डिसेंबर २०२१ पर्यंत होती, आणि तिची अट अशी होती की ग्राहकांचे मुद्रांक शुल्क बिल्डरने भरावे. सवलत एका हाताने घेऊन दुसऱ्या हाताने द्यायची होती, तरीही ज्यांचे प्रकल्प चालू होते त्यांना फायदा झाला, हे मान्य करायला हवे.

आता मूळ मुद्दा. जुन्या रहिवाशांना मोफत घरे, दोन वर्षांचे भाडे आणि पुनर्वसन निधी (सभासदांसाठी द्यायची एकरकमी रक्कम) द्यायचा, हा सगळा खर्च वरच्या विक्रीयोग्य सदनिकांतून निघतो. बांधकामाचा प्रति चौरस फूट खर्च धरमपेठेत आणि मानेवाड्यात जवळपास सारखाच येतो, विक्रीचा दर मात्र कमालीचा वेगळा असतो. म्हणून तेच २७० चौरस मीटर धरमपेठेत प्रकल्प तारतात आणि आमच्या भागात बांधकाम खर्च वजा जाता हातात फारसे काही ठेवत नाहीत. शिवाय आमच्याकडे आणखी दोन किलोमीटर पुढे गेले की मोकळ्या भूखंडावर नवी सदनिका त्याच दरात मिळते. मग जुन्या वस्तीतली ग्राहक का घेईल? दक्षिण नागपुरातून मला बोलावणी येतात, मी जातो, चहा घेतो आणि सौजन्याने नकार देतो. शासनाला या भागांत पुनर्विकास हवा असेल तर क्षेत्र वाढवून उपयोग नाही, अधिमूल्य आणि विकास शुल्क कमी करावे लागेल किंवा संस्थांना स्वस्त कर्ज द्यावे लागेल.

काँग्रेसनगर, निवृत्त शिक्षिका

आमचा करारनामा झालेला आहे आणि मी सध्या भाड्याच्या घरातून लिहीत आहे. दोन न्यायालयीन निर्णयांचा आम्हाला प्रत्यक्ष उपयोग झाला, ते सर्वांनी लक्षात ठेवावेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने असे सांगितले की, विकास करारावर शुल्क भरलेले असताना सभासदाच्या पर्यायी घराच्या करारावर पुन्हा घराच्या किमतीवर मुद्रांक शुल्क घेता येत नाही, त्यासाठी १०० रुपयांचा मुद्रांक पुरतो. सभासदाने जादा क्षेत्र विकत घेतले तर तेवढ्यावर शुल्क लागते. एप्रिल २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने संक्रमण काळातील भाडे हे उत्पन्न नसल्याने त्यातून टीडीएस कापू नये असे म्हटले. आमच्या बिल्डरच्या हिशेबनिसाने पहिल्या तिमाहीत टीडीएस कापला होता, निर्णयाची प्रत दाखवल्यावर पुढे कापला नाही.

मी एका गोष्टीसाठी हट्ट धरला आणि तो करारात घालून घेतला. नव्या इमारतीत दोन लिफ्ट, अग्निशमन यंत्रणा आणि पंप असतील, त्यांचा देखभाल खर्च आणि नव्या मूल्यांकनाचा मालमत्ता कर निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यांना झेपणारा नाही. म्हणून पुनर्वसन निधी सभासदांत वाटून न टाकता संस्थेच्या नावे मुदत ठेवीत राहील आणि त्याच्या व्याजातून जुन्या सभासदांच्या देखभालीचा भाग भागवला जाईल, असे कलम आहे. तरुण सभासदांना रोख रक्कम हवी होती आणि त्यांची नाराजी अद्याप गेलेली नाही. असे कलम इतर कोणी करून घेतले असल्यास त्याचा मसुदा कृपया इथे द्यावा, कारण आमच्या वकिलांनी व्याज कमी पडल्यास काय करायचे ते लिहिलेले नाही आणि पुरवणी करार पुढील महिन्यात आहे.