थकलेला आवाज चालला असता, उसना नको होता

एरंडवणेकर

शनिवारी नगर रोडच्या पुढच्या मैदानावर एका परदेशी रॉक गायकाचा कार्यक्रम ऐकून आलो. नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की भक्त आणि विरोधक यांचीच जुंपेल आणि मला बोलायचंय ते बाजूला राहील. वय सत्तरीच्या पुढे, आणि १९८८-९० च्या सुमारास पुण्यात कॉलेजात असलेल्या, इंग्रजी गाणी ऐकणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांकडे त्याची एक तरी कॅसेट होती, एवढं पुरे.

माझी कॅसेट कोरी सी-६० होती, मित्राच्या मोठ्या भावाच्या डबल डेकवरून भरून घेतलेली. एका बाजूला तीस मिनिटं. ए बाजूचं शेवटचं गाणं दुसऱ्या कडव्यात, वर चढत जाणाऱ्या एका ओळीच्या मध्यावर तुटायचं आणि डेकचं बटण खटकन वर यायचं. पुढे सीडी घेतली, अख्खं गाणं किती वेळा ऐकलं त्याला गणती नाही, तरी त्या जागी आजही कान खटक्याची वाट बघतात.

शनिवारी ते गाणं आलं, ती ओळ आली. त्याने हात लांब करून माइक आमच्याकडे वळवला. आणि त्याचा आवाज चालूच राहिला! तो चढा सूर, तरुणपणीचा, रेकॉर्डवरचा, जसाच्या तसा स्पीकरमधून येत होता. मी शेजारच्या पडद्याकडे बघितलं. त्याचं तोंड मिटलेलं होतं.

मग माझं ऐकणं संपलं आणि पाळत ठेवणं सुरू झालं. कुठली ओळ त्याची, कुठली आधी भरून ठेवलेली. साडेसहा हजारांचं तिकीट काढून, पस्तीस वर्षं वाट बघून मी हे करत उभा होतो. फार वाईट वाटलं.

आवाज उतरला याची तक्रार नाही. वयाबरोबर स्वरतंतूंचे स्नायू बारीक होतात, तंतू ताठरतात, वरचे सूर हातचे जातात. तो देहधर्म आहे. पण मग पट्टी उतरवा, लय कमी करा, दहाच गाणी म्हणा. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून चालू आहे, त्या मांडवात आपण थकलेले आवाज जीव लावून ऐकले आहेत. गंगूबाई हनगल २००६ साली वयाच्या त्र्याण्णव्या वर्षी मैफलीत गायल्या. त्या जागी त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका लावल्या असत्या तर कुणाला चाललं असतं का?

पेठेतला_बेसवाला

असहमत, आणि जरा कळकळीने असहमत.

ख्यालगायकाशी तुलना करून तुम्ही त्या माणसावर अन्याय करताय. ख्याल गाणाऱ्याला षड्ज, म्हणजे आपला 'सा', स्वतःचा निवडता येतो. काळी एक या पट्टीत जमत नसेल तर तंबोरे उतरवून लावतात, राग तोच राहतो. शिवाय राग रोज नव्याने मांडायचा, ही अपेक्षाच असते. रॉकमध्ये गाणं म्हणजे रेकॉर्ड. लोक ती रेकॉर्ड समोर घडताना बघायला येतात.

अर्धा सूर उतरवणं सोपं, त्यासाठी वेगळ्या लावलेल्या गिटारी तयार असतात. दोन-अडीच सूर उतरवायचे म्हटले की एकतर तारा ढिल्या पडतात, नाहीतर बोटांच्या जागाच बदलाव्या लागतात आणि उघड्या तारेवर बांधलेला रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा, पार मरतो. मी बारा वर्षं बेस वाजवतोय, हे करून बघितलंय.

आणि जो तुम्ही म्हणता तसं करतो त्याचं काय होतं? अमेरिकन गायक बॉब डिलन १९८८ पासून जवळजवळ अखंड दौऱ्यावर आहे. चाल बदलतो, लय बदलतो, स्वतःच्या उतरलेल्या आवाजाला बेतून गाणं नव्याने बांधतो. कुठलं गाणं चाललंय हे दुसऱ्या-तिसऱ्या ओळीपर्यंत कळत नाही. लोक बाहेर पडताना तक्रार करतात की ओळखीचं काहीच ऐकायला मिळालं नाही. म्हणजे बदललं तरी चूक, तसंच ठेवलं तरी चूक. सत्तरीतल्या माणसाने करायचं तरी काय?

फेडर

मी साऊंडचं काम करतो. या कार्यक्रमाला नव्हतो, तेव्हा नक्की काय झालं ते सांगू शकत नाही. पण पडद्यावरच्या तोंडावरून निकाल देऊ नका, एवढी विनंती.

हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. तुम्ही स्टेजपासून शंभर मीटरवर असाल तर तिथला आवाज तुमच्यापर्यंत यायला जवळजवळ पाव ते तृतीयांश सेकंद लागतो. म्हणून मैदानात मध्ये डिले टॉवर, म्हणजे स्पीकरचे जादा मनोरे, उभारतात आणि त्यांचा आवाज तेवढाच मागे ठेवतात. पडद्यावरचं चित्रही थोडं उशिरा येतं, ते वेगळं. ओठ आणि शब्द जुळले नाहीत म्हणजे फसवणूक, असं होत नाही.

ट्रॅक, म्हणजे आधी भरून ठेवलेले आवाज, मात्र बहुतेक मोठ्या दौऱ्यांत असतात. कोरस, तंतुवाद्यं, कधी मुख्य आवाजाची दुसरी पट. ड्रमरच्या कानात क्लिक, म्हणजे लय दाखवणारी टिकटिक, असतो, त्यावर सगळा वाद्यवृंद चालतो. मुख्य आवाजाच्या खाली आधाराला ट्रॅक ठेवणं मी स्वतः केलंय. ताप असलेल्या गायकासाठी केलंय, आणि त्याबद्दल मला अपराधी वाटत नाही. आपल्याकडे रात्री दहाला स्पीकर बंद करावा लागतो. त्यात कार्यक्रम उशिरा सुरू झाला की गायकाला घसा तापवायला, मध्ये दम घ्यायला वेळच उरत नाही.

एरंडवणेकर

@फेडर, माहितीबद्दल मनापासून आभार. डिले टॉवरचं मला ठाऊक नव्हतं. पण पाव सेकंदाची गोष्ट नाही हो. माइक अख्खी ओळ आमच्याकडे होता, पुढची ओळही. आणि तुम्ही म्हणता तो आधार मला मान्यच आहे. भिंतीला टेकून उभं राहणं वेगळं आणि आपल्या जागी दुसऱ्याला उभं करणं वेगळं.

ईशान्य_२२

काका, मी बाबाबरोबर आले होते. त्याची दोन वर्षांपूर्वी बायपास झाली. तो पहिल्या गाण्यापासून रडत होता, आणि मी त्याला रडताना आजीच्या वेळेनंतर पहिल्यांदा बघितलं. तुमची पोस्ट वाचून मला राग आला, खरं सांगते. पंढरपूरला गर्दीत आत जाता आलं नाही तर लोक कळसाला हात जोडून परत येतात. त्यांची वारी कमी होते का? बाबाने कळस बघितला. त्याला कोण सांगणार की आत मूर्ती नव्हती?

ब्लॅक सॅबथ बँडचा गायक ऑझी ऑस्बॉर्नचं बघा. ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कमध्ये शेवटचा कार्यक्रम. पार्किन्सन्समुळे उभं राहता येत नव्हतं, सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गायला. सूर लागत नव्हते. लोक ढसाढसा रडले. सतरा दिवसांनी तो गेला. तिथे कुणी सूर मोजले?

मुठाकाठ

ईशान्य, तुमच्या बाबांच्या डोळ्यांतलं पाणी खरंच आहे, त्यावर कुणी बोट ठेवू नये. पण ऑझीचं उदाहरण एरंडवणेकरांच्या बाजूचं आहे. सूर लागत नव्हते हे सगळ्यांना ऐकू येत होतं, म्हणून तर लोक रडले.

आणि बेसवाले, ढिल्या तारांचं म्हणाल तर त्याच बँडचा गिटारवादक टोनी आयोमी आठवा. सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच तो. प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या, आणि पुढे गिटार दीड सूर उतरवून लावायला लागला. तारा ढिल्या पडल्या आणि त्यातूनच तो जड, काळोखा नाद आला. उतरवलेल्या पट्टीने रिफ मेला नाही, हेवी मेटल हा अख्खा एक संगीतप्रकार जन्माला आला.

अगदीच जमत नसेल तर थांबावं. एरोस्मिथ या अमेरिकन रॉक बँडने गायकाच्या घशाची दुखापत भरून येत नाही म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये दौरे बंद केल्याचं जाहीर केलं. चाहत्यांना वाईट वाटलं, पण मान राहिला.

पेठेतला_बेसवाला

आयोमीचा मुद्दा मान्य. पण तो वयाच्या विशीत नवी गाणी उतरवलेल्या पट्टीत *रचत* होता. चाळीस वर्षं लोकांच्या कानात बसलेलं गाणं उतरवणं ही दुसरी गोष्ट. आणि थांबा म्हणणं आपल्याला सोपं आहे. त्याच्यामागे वादक, तंत्रज्ञ, ट्रकवाले, किती घरं चालतात. शिवाय ज्याने आयुष्यभर एकच गोष्ट केली त्याला घरी बसवणं म्हणजे काय, हे मी माझ्या गुरुजींचं बघितलंय. हात थरथरायला लागल्यावर त्यांनी वाजवणं सोडलं आणि वर्षभरात ते पार मिटून गेले. त्यापेक्षा ट्रॅक परवडला.

एरंडवणेकर

बेसवाले, गुरुजींचं वाचून गलबललो. थांबा असं मी म्हणत नाहीये.

एक गोष्ट पहिल्या पोस्टमध्ये लिहायची राहिली, खरं तर तीच आधी लिहायला हवी होती. पावणेदहाच्या सुमारास बाकीचे वादक आत गेले. तो एकटा स्टुलावर बसला, साधी लाकडी गिटार मांडीवर घेऊन. एक जुनं गाणं, फारसं कुणाला माहीत नसलेलं, बरंच खालच्या पट्टीत. आवाज घोगरा, ओळीच्या शेवटी श्वास तुटत होता, एकदा शब्द विसरला आणि मान हलवून पुन्हा तिथूनच सुरू केलं. ट्रॅक नाही, क्लिक नाही. तीन-साडेतीन मिनिटं. माझ्या अंगावर काटा आला. आजूबाजूला निम्मे लोक पार्किंगच्या गर्दीत सापडायला नको म्हणून निघाले होते.

म्हणजे त्याला येत होतं! त्याच्याकडे आजचा आवाज होता आणि त्या आवाजात गाणं होतं. मग आधीचा दीड तास ते आमच्यापासून का लपवलं? मला राग आहे तो याचा. आम्हाला तो आवाज पेलणार नाही, असं त्याने किंवा त्याच्या माणसांनी परस्पर ठरवून टाकलं.

फेडर

हे वाचून माझा मुद्दा थोडा मागे घेतो. आधार किती द्यायचा हे ठरवताना आम्ही गायकाला विचारतो. ऐकणाऱ्याला काय चालेल, हे मात्र आम्ही गृहीतच धरतो.

ईशान्य_२२

काका, पावणेदहाला आम्ही गेटपाशी होतो. बाबाला दम लागू नये म्हणून मीच त्याला ओढत बाहेर काढत होते. तो मध्येच थांबला, म्हणाला, ऐक, काहीतरी वेगळं चाललंय. मी म्हटलं, चल, रिक्षा मिळणार नाही.

कुठलं गाणं होतं ते सांगाल का? त्याला सांगायचंय.

एरंडवणेकर

व्यक्तिगत निरोप पाठवला आहे.