कॅटचे नऊ मॉक झाले, गुण ५५-६० वर अडकलेत. मॉक तपासायचा नेमका कसा?

तळटीप:

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरअखेरच्या कॅटला, म्हणजे आयआयएमच्या एमबीए प्रवेश परीक्षेला, अकरा आठवडे राहिलेत. नोकरी सांभाळून आठवड्याला दोन मॉक, म्हणजे सराव परीक्षा, देतेय, आतापर्यंत नऊ झाले. अभ्यासक्रम जवळजवळ पूर्ण आहे, पण गुण ५५ ते ६० च्या पुढे सरकत नाहीत. शेवटच्या मॉकचे आकडे:

व्हर्बल (इंग्रजी): २२ सोडवले, ११ बरोबर. चुकलेल्या ११ मधले ९ पर्यायांचे. गुण २४.
डीआयएलआर (माहितीचे तक्ते आणि तर्क; एका माहितीवर चार-पाच प्रश्नांचा एक सेट): १० सोडवले, ५ बरोबर. चुकलेल्या ५ मधले ३ पर्यायांचे. गुण १२.
क्वांट (गणित): १३ सोडवले, ८ बरोबर. चुकलेल्या ५ मधले ४ पर्यायांचे. गुण २०.

मॉक झाला की चुकलेल्या प्रश्नांचे व्हिडिओ बघते, त्यात तासभर जातो. मॉक वाढवू की कमी करू? डीआयएलआरमध्ये दर वेळी चुकीच्या सेटमध्ये अडकते, त्यावर काय करायचं? शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमातून झालंय, उतारे वाचायला वेळ लागतो. आणि राज्याच्या एमबीए सीईटीचे मॉक आत्तापासूनच सोबत द्यावेत का?

शून्यशेष:

आकडे दिलेत ते फार बरं केलंत. तुमचे २४ प्रश्न बरोबर आहेत, म्हणजे प्रत्येकी ३ प्रमाणे ७२ गुण तुम्ही कमावलेत आणि पर्यायांच्या १६ चुकांना प्रत्येकी उणे एक, असे १६ परत दिलेत. हे १६ गुण अभ्यास कमी पडल्यामुळे गेलेले नाहीत, ते निवड चुकल्यामुळे गेलेत.

व्हर्बलचंच बघा. ४० मिनिटांत चार उतारे. एका उताऱ्याला साडेतीन मिनिटं धरली तर १४ मिनिटं नुसत्या वाचनाला. उरलेल्या २६ मिनिटांत २२ प्रश्न म्हणजे प्रश्नाला ७१ सेकंद. एवढ्यात दोन जवळचे पर्याय तोलून बघता येत नाहीत, म्हणून निम्मे चुकतात. पुढचे तीन मॉक पर्यायांचे प्रश्न १४-१५ च्या वर नेऊ नका. डोळे मिटून मारलेल्या पर्यायाची सरासरी किंमत शून्य असते: चारात एकदा +३, तीनदा −१. एक पर्याय खात्रीने कटला तर ती प्रश्नामागे एक तृतीयांश गुण होते, दोन कटले तर एक गुण. म्हणून दोन पर्याय कटल्याशिवाय खूण करायची नाही, हा नियम ठेवा.

याउलट टीटा, म्हणजे पर्याय नसलेले, उत्तर टाइप करायचे प्रश्न. त्यांना उणे गुण नाहीत. व्हर्बलमधला पाच वाक्यांतून विसंगत वाक्य ओळखायचा प्रश्न बहुधा टीटा असतो. तो कोरा सोडू नका, काहीच सुचलं नाही तरी १ ते ५ मधला एक आकडा टाका.

आता तपासणी. व्हिडिओ सगळ्यात शेवटी. मॉक संपला की गुण बघायच्या आधी, शंका होती ते आणि सोडलेले प्रश्न घड्याळ न लावता पुन्हा सोडवा. या खेपेला सुटले ते वेळेचे किंवा निवडीचे बळी. तरीही सुटले नाहीत ते न येणारे. हे दोन ढीग वेगळे झाल्याशिवाय कशावर काम करायचं ते कळतच नाही. मग उत्तरं बघा आणि वहीत प्रत्येक चुकीला एक ओळ लिहा: किती वेळ गेला, कुठल्या पायरीवर घसरलं, पुढच्या वेळी काय बघून ओळखायचं.

नमुना देतो. प्रश्न: |x−३| + |x+५| ≤ १२ असे x चे पूर्णांक किती? तीन तुकडे पाडून सोडवलं तर तीनेक मिनिटं जातात. संख्यारेषेवर बघा: ३ आणि −५ मध्ये अंतर ८, हातात १२, उरलेले ४ दोन्ही बाजूंना दोन-दोन. म्हणून −७ ते ५. इथपर्यंत अर्धा मिनिट. आता बरेच जण ५ मधून −७ वजा करून १२ लिहितात. उत्तर १३ आहे, दोन्ही टोकं धरायची. वहीत ‘मापांक कच्चा’ असं लिहिलंत तर तुम्ही मापांकाचे पन्नास प्रश्न सोडवत बसाल आणि हीच चूक श्रेढीत पुन्हा कराल. लिहायचं ते असं: ‘टोकं धरून मोजताना अधिक एक विसरले, संख्यारेषा सुचली नाही, ३ मिनिटं गेली.’

दोन तासांच्या मॉकला अशी तपासणी चार तास खाते. नोकरी आहे, तर दोन संध्याकाळींत विभागा. चुकलेला प्रश्न तिसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर, उत्तर न बघता, पुन्हा सुटला तरच तो जमला म्हणायचा. व्हिडिओ बघताना सगळंच समजल्यासारखं वाटतं.

कोडेघर:

डीआयएलआरपुरतं बोलतो.

२०२४ च्या पेपरात २२ प्रश्न पाच सेटमध्ये होते, दोन सेट पाच प्रश्नांचे आणि तीन चारचे. तीन सेट पुरते सुटले तर विभाग चांगला गेला. पण बहुतेक जण पहिला सेट दिसला की उडी मारतात, १८ मिनिटं त्यात जातात, आणि ‘एवढा वेळ घातलाय तर सोडायचा कसा’ म्हणून आणखी सात. पेपर तिथेच हातचा जातो.

पहिली सहा मिनिटं पेन फक्त क्रम लावायला वापरा. पाचही सेट वाचा, प्रश्नांसकट. प्रश्न वाचणं महत्त्वाचं, कारण प्रत्येक प्रश्न ‘जर अमुक असेल तर’ ने सुरू होत असेल तर मांडणी एकच ठरत नाही, दर प्रश्नाला नव्याने तक्ता भरावा लागतो. असा सेट यादीत खाली. मग एका सेटला १० ते १२ मिनिटं. पाच मिनिटं झाली आणि तक्त्यात एकही चौकट पक्की भरली नसेल तर सोडा.

सेट उघडेल की नाही हे ओळखायची माझी सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे टोकाची बेरीज. समजा चार खेळाडू, पाच फेऱ्या, प्रत्येक फेरीत ३, २, १, ० हे गुण एकेकालाच मिळतात. तक्ता वीस चौकटींचा, बघूनच धडकी भरते. पण अट अशी आहे की ‘अ’ची एकूण १५ आणि ‘ड’ची एकूण १. ‘अ’ला पाचही फेऱ्यांत ३, झाल्या पाच चौकटी. ‘ड’ला चार फेऱ्यांत ० आणि एकीत १. त्या एका फेरीत ‘ब’ आणि ‘क’मध्ये २ आणि ०, उरलेल्या चारांत २ आणि १. दोघांची मिळून बेरीज १४ आलीच पाहिजे, ताळा तिथेच होतो. आता ‘ड’ला १ कुठल्या फेरीत मिळाला आणि कुठल्या फेरीत ‘ब’ पुढे, एवढंच शोधायचं राहतं. सेट वाचताना शक्य तितकी सगळ्यात मोठी किंवा सगळ्यात छोटी बेरीज दिलीय का ते बघा. सगळ्या बेरजा मधल्या असतील तर तो सेट वेळ खाणार.

सराव मॉकमधूनच काढा. दिलेल्या नऊ मॉकमधले तुम्ही न शिवलेले सेट जमवा. पाच सेटचा गठ्ठा, सहा मिनिटांत फक्त क्रम लावायचा, मग घड्याळ बंद करून पाचही सोडवायचे आणि क्रम बरोबर होता का ते ताडायचं. निवड हे कौशल्य सेट सोडवण्यापेक्षा वेगळं आहे आणि त्याचा सराव वेगळा करावा लागतो.

ओसरी:

ताई, मराठी माध्यमाची अडचण खरी आहे, पण ती बहुतेकदा शब्दांची नसते. वाक्यागणिक मनात भाषांतर चालू असतं, त्यात वेळ जातो. वाक्याचं भाषांतर सोडा. परिच्छेद संपला की दोन-तीन सेकंद थांबून मराठीतच स्वतःला विचारा: लेखकाने इथे केलं काय? ‘जुनं मत सांगितलं’, ‘त्याला खोडलं’, ‘उदाहरण दिलं’, ‘पण एक अडचण कबूल केली’. चार परिच्छेदांच्या या चार ओळी डोक्यात राहिल्या की मुख्य मुद्दा आणि लेखकाचा सूर विचारणारे प्रश्न परत उतारा न वाचता सुटतात.

चुकलेल्या उत्तरांची कारणंही नोंदवा. बहुतेक चुका तीन-चार जातींच्या निघतील. एक: पर्याय जगात खरा, पण उताऱ्यात नाही. उतारा म्हणतो, ‘जिथे मासेमारी थांबली तिथली काही प्रवाळं सावरली’. पर्याय म्हणतो, ‘प्रवाळांचा ऱ्हास मासेमारीमुळे झाला’. पटतं, पण लेखक तसं म्हणालेलाच नाही. दोन: ‘काही’चं ‘सगळी’ झालेलं. तीन: पहिला अर्धा भाग तंतोतंत, दुसऱ्यात घुसडलेली गोष्ट. नऊ मॉकमधले उताऱ्यांचे चुकलेले प्रश्न काढून प्रत्येकापुढे जात लिहा. कुठल्या सापळ्यात तुम्ही सारख्या सापडता ते एका बैठकीत दिसेल.

आणि आयआयएमने स्वतः प्रसिद्ध केलेले मागचे पेपर व्हर्बलसाठी राखून ठेवा. खासगी मॉकच्या उताऱ्यांचे पर्याय कधीकधी ओढूनताणून बनवलेले असतात, त्यावर वाद घालत बसू नका. खऱ्या पेपरातला बरोबर पर्याय का बरोबर, हे शब्दावर बोट ठेवून दाखवता येतं.

तळटीप:

खूप आभार. न शिवलेले सेट मोजले, तब्बल एकोणीस निघाले. सीईटीबद्दल कुणी सांगेल का?

फलाटक्रमांकदोन:

सीईटीचे मॉक आत्ता नकोत. दोन्ही परीक्षांच्या सवयी एकमेकींच्या विरुद्ध आहेत. कॅटमध्ये सोडायला शिकायचं, सीईटीत काहीच सोडायचं नाही. २०० प्रश्न, १५० मिनिटं, प्रश्नाला ४५ सेकंद, उणे गुण नाहीत. जमनालाल बजाज, सिडनहॅमची सिमस्री, पुणे विद्यापीठाचं पुम्बा या व्यवस्थापन संस्थांसाठी सीईटी महत्त्वाची आहेच, पण कॅट झाल्यावर डिसेंबरपासून तिला पुरेसा वेळ मिळतो. क्वांट आणि इंग्रजी तोवर तयार असतंच.

नव्याने लागतो तो वेग आणि आकृत्या. तार्किक ७५ आणि आकृत्यांचे २५, म्हणजे अर्धा पेपर. आकृती पूर्ण बघू नका, एका वेळी एकच घटक धरा: बाण किती अंशांनी फिरला, ठिपके किती वाढले, काळा भाग कुठे सरकला. एका घटकानेच दोन-तीन पर्याय गळतात. रोज २५ आकृत्या, तीन आठवडे, एवढ्याने फरक पडतो.

मॉकमध्ये वेळेची वाटणी अशी करून बघा: आकृत्या १२ मिनिटं, इंग्रजी ३०, तार्किक ६५, क्वांट ४०. झाली १४७. शेवटची तीन मिनिटं फक्त कोरे प्रश्न भरायला. उणे गुण नाहीत, त्यामुळे कोरे प्रश्न नुसते भरले तरी सरासरीने काही गुण मिळतातच. वाटणी तुमच्या वेगाप्रमाणे बदला, पण ती तीन मिनिटं सोडू नका. ‘हा एक संपवते आणि मग भरते’ म्हणता म्हणता घड्याळ संपतं. आणि सीईटी सेलच्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकातून रचना पडताळून घ्या.

शून्यशेष:

मॉक किती, हे राहिलं होतं. सप्टेंबरभर आठवड्याला एकच, पण तपासणी पुरी. ऑक्टोबरपासून दोन. शेवटचा मॉक परीक्षेच्या चार दिवस आधी, नंतर फक्त वही. एका मॉकचे ५६ आणि दुसऱ्याचे ६४ यांची थेट तुलना करू नका, पेपरची काठिण्यपातळी वेगळी असते. एकाच मालिकेतलं पर्सेंटाइल (किती टक्के परीक्षार्थी तुमच्या मागे) आणि सोडवलेल्यातले बरोबर किती, हे दोनच आकडे महिनाभर लिहा.

प्रवेशपत्रावर सत्र कळलं की मॉक त्याच वेळेला द्या. साडेचारचं सत्र आलं आणि सगळे मॉक सकाळी दिलेले असतील तर व्हर्बल नेमकं दुपारच्या सुस्तीत येतं. पडद्यावरचा कॅल्क्युलेटर माऊसनेच वापरा, टीटाचे आकडेही माऊसनेच भरा, शेजारी फोन नको.

आयआयएमच्या संकेतस्थळावर परीक्षेआधी अधिकृत सराव चाचणी येते, ती बटणांसाठी नक्की द्या. पर्याय निवडून ‘सेव्ह अँड नेक्स्ट’ न दाबता उजवीकडच्या क्रमांकावर टिचकी मारली तर आधीचं उत्तर जतन होत नाही. क्वांटमध्ये पुढे-मागे उड्या मारताना हे सगळ्यात जास्त होतं. विभाग संपायला मिनिटभर असताना उजवीकडची चौकट बघून हिरवे प्रश्न मोजा, तुमच्या हिशेबाशी जुळतात का ते बघा.