एसएसएच मधून ग्राफची खिडकी कधी उघडते कधी नाही, नेमकं कुठं अडतंय?

जांबोटी_उद्यमबाग:
नमस्कार मंडळी. मी बेळगावात उद्यमबागेत एका फाउंड्रीत आहे, तिथल्या डेबियन (लिनक्स) सर्व्हरवर प्रत्येक हीटचं (भट्टीतल्या एका वितळणीचं) तापमान साठतं आणि मी ग्नूप्लॉटमध्ये ग्राफ काढून बघतो. आता रोप लावणीला गावी आलोय जांबोटीच्या बाजूला, म्हणून घरातनंच काम करालोय. माझ्या लॅपटॉपवर आर्च लिनक्स आहे, एक्सएफसीई डेस्कटॉप घातलंय. सर्व्हरवर लॉगिन करायला एसएसएच डॅश एक्स करतो (कॅपिटल एक्स, म्हणजे तिथल्या प्रोग्रामची खिडकी माझ्या लॅपटॉपवर उघडते), सर्व्हरवर टीमक्स (जोडणी तुटली तरी कमांडची शेल चालू ठेवणारा प्रोग्राम) उघडतो आणि ग्राफ काढतो. सकाळी सगळं नीट चालतं. मग काही वेळानं नवीन ग्राफ उघडायला गेलं की 'कान्ट ओपन डिस्प्ले', पण आधीचा उघडलेला ग्राफ मात्र तसाच चालू असतो, त्याला काही होत नाही. आणि लाईट गेली किंवा पावसात नेटवर्क तुटलं, परत लॉगिन करून टीमक्सला जोडलं, की मग तर काहीच उघडत नाही, लोकलहोस्ट:१०.० उघडता येत नाही असं येतं. बहिणीच्या उबुंटू लॅपटॉपवरनं तासभर बसलो तरी पहिला त्रास येत नाही, दुसरा येतो. चार दिवस झाले, सोमवारी पोरिंगचा (धातू ओतण्याचा) रिपोर्ट द्यायचाय, कुणाला माहीत असेल तर सांगा की.

निपाणी_रूट:
सर्व्हरवर एक्सऑथ (खिडकी उघडायची परवानगी सांभाळणारा प्रोग्राम) आहे का ते आधी बघा. डेबियनला कमीत कमी पॅकेज घेऊन सिस्टीम टाकली की ते राहून जातं, आणि ते नसलं की एसएसएच डिस्प्ले (खिडकी कुठं उघडायची तो पत्ता) देतच नाही. एसएसएचडीच्या (सर्व्हरवरच्या एसएसएच सेवेच्या) कॉन्फिगमध्ये एक्स११फॉरवर्डिंग यस पाहिजे, आणि सर्व्हरवर आयपीव्ही६ बंद केलं असेल तर ॲड्रेसफॅमिली आयनेट लिहावं लागतं. एक्स कॅपिटलच टाकताय ना? स्मॉल एक्स टाकला तर फॉरवर्डिंग उलट बंद होतं, माझा एक अख्खा दिवस त्यात गेलाय.

जांबोटी_उद्यमबाग:
अण्णा, एक्सऑथ आहे, कॉन्फिगमध्ये यस आहे, एक्स पण कॅपिटलच. सकाळी चालतं म्हणजे हे सगळं बरोबर असणार ना? अडतंय ते नंतर.

टिळकवाडी_दुसरं_गेट:
दादा, तुमचे त्रास दोन वेगवेगळे आहेत, एरर सारखा दिसतोय म्हणून एकच वाटालाय. उबुंटूवर पहिला येत नाही हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, त्यातच उत्तर आहे.

डॅश एक्सनं गेलं की ओपनएसएसएच त्या जोडणीवर पूर्ण भरवसा ठेवत नाही आणि मुदत घालतं, फॉरवर्डएक्स११टाइमआउट, ती ठरलेली २० मिनिटं असते. २० मिनिटांनी नवीन खिडकीला नकार, उघडी असलेली राहते. तुमचं हेच होतंय. डेबियन आणि उबुंटूवाल्यांनी आपल्याकडं फॉरवर्डएक्स११ट्रस्टेड आधीच यस करून ठेवलंय, म्हणजे तिथं डॅश एक्स लिहिलं तरी डॅश वाय (पूर्ण भरवशाची जोडणी) सारखंच वागतं, म्हणून ताईंच्या लॅपटॉपला मुदतच लागत नाही. आर्चवर तसं नाही. तुमच्या लॅपटॉपच्या एसएसएच कॉन्फिगमध्ये त्या सर्व्हरखाली फॉरवर्डएक्स११टाइमआउट ० लिहा, शून्य म्हणजे जोडणी असेपर्यंत चालेल. सगळे लगेच डॅश वाय करा म्हणतील, पण माझं ऐकाल तर नको. वाय केलं की सर्व्हरवरचा कुठलाही खिडकीवाला प्रोग्राम तुमच्या लॅपटॉपवर काय टाईप करताय ते वाचू शकतो, स्क्रीनचं चित्र पण घेऊ शकतो. फाउंड्रीच्या सर्व्हरवर अजून किती जणांना रूट (पूर्ण अधिकार) आहे ते तुम्हालाच माहीत.

आता दुसरा. नेटवर्क तुटलं तरी सर्व्हरला ते लगेच कळत नाही, त्याच्या लेखी जुनी जोडणी जिवंतच असते आणि ती डिस्प्लेचा १० नंबर धरून बसते, म्हणजे सर्व्हरवरचा ६०१० पोर्ट. तुम्ही परत आलात की ११ मिळतो. पण टीमक्सच्या जुन्या पेनमधली (आधीच उघडलेल्या भागातली) शेल सकाळची आहे, तिला ११ कोण सांगणार, ती १० चंच दार वाजवत बसते. टीमक्समध्ये नवीन विंडो उघडली तर तिला नवीन नंबर मिळतो, जोडताना टीमक्स डिस्प्ले बदलून घेतं. जुन्याच पेनमध्ये राहायचं असेल तर हे टाईप करा: इव्हॅल, स्पेस, डॉलर, मग कंसात टीमक्स शो-एन्व्ह डॅश एस डिस्प्ले. आणि सर्व्हरवर क्लायंटअलाइव्हइंटरव्हल ३० ठेवायला सांगा (दर ३० सेकंदांनी सर्व्हर जोडणी जिवंत आहे का विचारतो), तीनदा उत्तर आलं नाही की तो मेलेली जोडणी सोडतो, म्हणजे दीडेक मिनिटात.

खात्री करायची तर तुटल्यावर परत जाऊन जुन्या पेनमध्ये आणि नवीन विंडोत, दोन्हीकडं इको डॉलर डिस्प्ले करून बघा.

जांबोटी_उद्यमबाग:
व्हय, अगदी तसंच! जुन्यात १०.० आणि नवीन विंडोत ११.०. आणि शून्य घालून आता पाऊण तास झाला, नवीन ग्राफ उघडालाय. ताई की दादा माहीत नाही, पण मनापासून आभार. सिस्टीम बघणारे आमचे अण्णा फक्त कन्नडमध्ये बोलतात, त्यांना फोनवर सांगितलं, बेग माडतीनी (लवकर करतो) म्हणाले. अजून एक विचारतो, ग्राफ उघडायलाच अर्धं मिनिट लागतंय, डॅश कॅपिटल सी पण करून बघितलं, काही फरक नाही.

टिळकवाडी_दुसरं_गेट:
ताईच आहे. बरं झालं चाललं ते.

चिकोडी_शेल:
सीनं डेटा दाबून कमी होतो, वाट बघणं कमी होत नाही. एक्सचा (लिनक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या यंत्रणेचा) प्रोग्राम खिडकी उघडताना तुमच्या लॅपटॉपला सारखं विचारत असतो, हा रंग आहे का, हा फाँट आहे का, आणि प्रत्येक वेळी उत्तर येईपर्यंत थांबतो. मोबाईलच्या रेंजवर एक फेरी १०० मिलिसेकंद धरा, ३०० फेऱ्या झाल्या की ३० सेकंद गेलेच. एक्स ११ आलं १९८७ मध्ये एमआयटीतून, तेव्हा एकाच इमारतीतल्या मशीनी धरून बनवलेलं, जांबोटीचा पाऊस त्यात कुठला धरणार.

एक्सप्रा बघा. त्यात खिडक्या सर्व्हरवरच जगतात, तुमच्याकडं फक्त चित्र येतं, तेही एसएसएचमधूनच. नेटवर्क तुटलं तर परत जोडायचं, ग्राफ होता तिथंच असतो. टीमक्स तुमची शेल वाचवतं, खिडकी नाही वाचवत, ती जोडणीबरोबर जाते.

पण खरं सांगू का, रिपोर्टसाठी ग्राफ नुसता बघायचाच असेल तर खिडकी कशाला आणताय. ग्नूप्लॉटमध्ये सेट टर्मिनल पीएनजी (चित्राची फाईल) करा, सेट आउटपुटला फाईलचं नाव द्या, मग एससीपीनं (एसएसएचवरून फाईल आणायची कमांड) ओढून घ्या. इकडं भट्टीवाल्यांना मी हेच करून दिलंय. माऊसनं झूम करायचं असेल तेव्हाच एक्सप्रा.

जांबोटी_उद्यमबाग:
झूम लागतं मला, दोन हीटच्या मधला उतार बघायचा असतो. म्हणून एक्सप्रा टाकून घेतलं सर्व्हरवर. दुपारी लाईट दोनदा गेली, दोन्ही वेळा परत जोडलं आणि उताराचा ग्राफ झूम केलेला तसाच मिळाला. रिपोर्टातल्या बाकीच्या १२ ग्राफना पीएनजी करालोय, ते एका स्क्रिप्टमध्ये बसलं.