वाक्याचा कर्ता बघा

"तलाकबद्दल बोललं की लगेच मुस्लिमद्वेष्टे ठरवतात" ही तक्रार नेहमी ऐकू येते, पण ती अर्धीच खरी. आपल्याच इंदूरचं शाहबानो प्रकरण घ्या. १९७८ साली नवऱ्याकडून पोटगी मिळावी म्हणून शाहबानोचा अर्ज इथल्याच कोर्टात पडला. १९७९ मध्ये मंजूर झाले महिना २५ रुपये (हो, पंचवीस!). हायकोर्टाने ते १७९.२० केले आणि २३ एप्रिल १९८५ ला सुप्रीम कोर्टाने नवऱ्याचं अपील फेटाळलं. पोटगी इद्दतपुरतीच (म्हणजे तलाकनंतरचे साधारण तीन महिने), या नियमाशी भांडणारी बाई स्वतः मुसलमान होती.

म्हणून वाक्याचा कर्ता तपासा. "इद्दतीनंतर पोटगी नाही हा नियम अन्यायाचा" यात कर्ता नियम आहे. कलम, दाखले देऊन तो खोडता येतो. "हे लोक बायकांना असंच वागवतात" यात कर्ता माणसं, आणि त्यात शाहबानोच बसत नाही.

घोळ होतो तो सरकत जाण्यात. सुरुवात नियमापासून, शेवट इंदूरच्या रामबागेतली भाड्याची खोली मुसलमान नाव ऐकून नाकारण्यात. खोली मागणाऱ्याचं तलाकबद्दल मत काय, हे कुणी विचारतही नाही. आगरकर केशवपनावर तुटून पडले, पण म्हणून "हिंदूंना बिऱ्हाड देऊ नका" असं नाही म्हणाले.